जुनी गाडी, नवी वीज आणि कारागिराचा हक्क

पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी घरच्या घरी विजेवर चालती करण्याचे प्रयोग देशात ठिकठिकाणी होत आहेत. हा हौशी तंत्रज्ञांचा विषय, पक्षाच्या साप्ताहिकात त्याचे काय काम, असे काही कार्यकर्त्यांना वाटेल. परंतु यंत्र कोणाच्या हाती असावे, ते दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाला असावा आणि त्याची किंमत कोणी मोजावी, हे प्रश्न समाजवाद्यांनी सोडून दिले तर त्यांची उत्तरे मोटार कंपन्या देतील. किंबहुना त्या ती देऊ लागल्याच आहेत.

तंत्र मुळात फार अवघड नाही. इंजिन, पेट्रोलची टाकी, रेडिएटर व सायलेन्सर काढावयाचा. गिअरबॉक्सला विजेची मोटर जोडावयाची. बॅटऱ्यांचा संच, मोटरला बेताने वीज देणारा कंट्रोलर आणि चार्जर बसवावयाचा. इंजिन गेल्यावर ब्रेकला मिळणारी त्याची ओढही जाते. त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लावावा लागतो, हे विसरणारा जिवावर बेतवून घेतो. हे काम समजणारे हात निफाड तालुक्यात थोडे नाहीत. विहिरीवरील जळालेल्या मोटरी भरून देणारी दुकाने आहेत, द्राक्षबागेतील ब्लोअर दुरुस्त करणारे कारागीर आहेत, आणि १९६४ साली स्थापन झालेल्या ओझरच्या विमान कारखान्याने कुशल कामगारांच्या पिढ्या घडविल्या आहेत. कौशल्य गावात आहे. त्याला मान्यता नाही.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. २०१६ साली नियमांत दुरुस्ती होऊन जुन्या गाड्यांना विजेचा संच बसविण्याची वाट मोकळी झाली, पण ती कोणासाठी? संच तयार करणाऱ्याने पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून त्याला मान्यता घ्यावी, अधिकृत केंद्रानेच तो बसवावा आणि मग परिवहन कार्यालयाने नोंदणीत इंधनाचा बदल करावा, असा हा मार्ग आहे. भांडवलदार कंपनीला तो परवडतो. गॅरेजवाल्याला चाचणीचा खर्चच झेपत नाही.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने भंगारातील सुटे भाग जोडून छोटी जीप बनविली, तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात तिचे देशभर कौतुक झाले. ती विजेवर चालणारी नव्हती, परंतु प्रश्न तोच होता. एका मोठ्या मोटार कंपनीच्या प्रमुखाने, ही गाडी नियमात बसत नाही, ती आज ना उद्या थांबविली जाईल, असे सांगून बदल्यात नवी गाडी देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात दिलीही. देणाऱ्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र त्या कारागिराला बक्षीस मिळाले, त्याच्या कारागिरीला परवाना मिळाला नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

उलट गाडी मोडणाऱ्यास सरकार उत्तेजन देते. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांहून जुन्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. जुनी गाडी भंगारात देऊन नवी खासगी गाडी घेणाऱ्यास मोटार वाहन करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद झाली. चांगला सांगाडा वितळवून नवा घडविण्यात किती पोलाद व कोळसा खर्ची पडतो, हा हिशेब या धोरणात कोठे आहे?

सुरक्षिततेचा आक्षेप खरा आहे, तो उडवून लावता कामा नये. बॅटरी चुकीची जोडली तर आग लागते. पण एप्रिल २०२२ मध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या ज्या विद्युत स्कूटरांनी पेट घेतला, त्या कारखान्यातून आलेल्या होत्या. आगीला कंपनीची पाटी वाचता येत नाही. तपासणी कडक असावी. ती तालुक्याच्या कारागिराच्या आवाक्यात असावी, एवढीच मागणी आहे.

आता जमाखर्च पाहावा. पेट्रोल लिटरला १०० रुपये, वीज युनिटला १० रुपये, लहान गाडी लिटरला १८ किलोमीटर आणि युनिटला ७ किलोमीटर चालते असे धरले, तर किलोमीटरमागे सुमारे चार रुपये वाचतात. बदलाचा खर्च चार लाख धरल्यास तो फिटण्यास एक लाख किलोमीटर धावावे लागेल. वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरणाऱ्या कुटुंबाला यास बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. तोवर बॅटरीच थकेल. पण पिंपळगाव, लासलगाव, निफाड अशा फेऱ्या करणारी प्रवासी जीप किंवा भाजीचा टेम्पो वर्षाला तीस हजार किलोमीटर धावतो. त्याचा खर्च दीडपट धरला तरी तो पाच वर्षांत फिटतो. म्हणजे बदलाचा आरंभ श्रीमंताच्या पोर्चमधून नव्हे, गरिबाच्या प्रवासी वाहनापासून झाला पाहिजे.

विजेने सर्व पापे धुतली जातात, असाही भ्रम नको. एकलहऱ्याचे केंद्र कोळशावरच चालते. पेट्रोलसाठी परदेशाकडे पाहणारा देश उद्या बॅटरीच्या सेलसाठी परदेशाकडे पाहील. आणि ज्या तालुक्यात शेतकरी बिबट्याच्या भीतीने काठी घेऊन रात्री पाणी भरतो, तेथे गाडीच्या चार्जिंगला अखंड वीज आणि पिकाला मात्र पाळी, असा न्याय चालणार नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली निफाडलाच झाला. इंग्लंडचे अर्थशास्त्र हिंदुस्थानला जसेच्या तसे लागू पडत नाही, असे त्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात प्रतिपादिले. नाशिकच्या १९४८ च्या अधिवेशनात समाजवाद्यांनी काँग्रेसबाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि १९५२ साली पचमढीला डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. या वारशाचा आज काही अर्थ असेल, तर मागण्या स्पष्ट आहेत. विजेच्या संचाचा आराखडा राज्य शासनाने स्वतःच्या खर्चाने चाचणी करून सर्वांसाठी खुला करावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कारागिरांना प्रशिक्षण व परवाना द्यावा. त्यांच्या सहकारी कर्मशाळांना जिल्हा पातळीवर स्वस्त तपासणी उपलब्ध करावी. आणि प्रवासी व मालवाहू गाडी बदलणाऱ्यास भंगाराइतकी तरी सवलत द्यावी.

या मागण्या घेऊन कार्यकर्त्यांनी गॅरेजच्या दारात जावे. सभागृहातील ठरावांपेक्षा तेथे अधिक शिकावयास मिळेल.