रेनकोटातला सुपरहीरो

दोस्तांनो, सुपरहीरो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? पाठीवर फडफडणारी केप, छातीवर ठसठशीत चिन्ह, एका उडीत दहा मजले आणि खाली 'तो बघा, तो बघा' करणारी गर्दी! आज ज्याची ओळख करून देणार आहे, त्याच्याकडे यातलं काहीसुद्धा नाही. त्याला टक्कल पडत चाललंय. फिलाडेल्फिया शहरातल्या एका मोठ्या स्टेडियमवर तो पहारेकऱ्याची नोकरी करतो. वेश म्हणाल, तर कामावर मिळालेला टोपीवाला रेनकोट. पाठीवर 'सिक्युरिटी' असं छापलेला!

चित्रपटाचं नाव 'अनब्रेकेबल', म्हणजे न मोडणारा. अमेरिकेत तो नोव्हेंबर २००० मध्ये झळकला. दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन. आडनाव आपल्याकडचं वाटतंय ना? आहेच मुळी. त्याचा जन्म १९७० सालचा, माहे इथला. (नकाशा काढून बघा. तीन बाजूंनी केरळ, पण कारभार पुदुच्चेरीचा, अशी गंमत आहे या गावाची.) तो वाढला मात्र फिलाडेल्फियाच्या आसपास, म्हणून त्याच्या गोष्टी बहुधा तिथेच घडतात. तेव्हा सुपरहीरोंच्या चित्रपटांचा आजच्यासारखा पूर आलेला नव्हता. 'अनब्रेकेबल'ची जाहिरातही रहस्यपट म्हणूनच झाली. आत एक सुपरहीरो दडलाय हे थिएटरात बसल्यावर हळूहळू कळायचं.

गोष्टीत सुरुवातीलाच एक रेल्वे अपघात होतो. पण अपघात आपल्याला दिसतच नाही! आधी दिसतो गाडीत बसलेला डेव्हिड डन (हे काम ब्रूस विलिसनं केलंय). गाडीचा वेग उगाचच वाढतो, बाहेरची झाडं भराभर मागे पळतात... आणि एकदम डेव्हिडचं घर. त्याचा मुलगा जोसेफ सोफ्यावर उलटा लोंबकळत टीव्हीचे चॅनेल बदलतोय. बातमी लागते आणि त्याचा हात थांबतो. पुढे इस्पितळात डॉक्टर डेव्हिडला सांगतात, की गाडीतला बहुतेक तूच एकटा वाचणार आहेस, आणि तुझं एकही हाड मोडलेलं नाही. साधा ओरखडासुद्धा नाही.

दुसरा एखादा दिग्दर्शक असता तर रुळावरून उडणारे डबे, आगीचे लोळ, सगळं दाखवलं असतं. श्यामलननं दाखवलाय तो नातेवाइकांनी भरलेला इस्पितळाचा हॉल. सगळे गप्प. त्यांच्यामधून डेव्हिड एकटा चालत जातो आणि ज्यांचं माणूस परत येणार नाही ते सगळे त्याच्याकडे बघतात. वाचल्याचा आनंद कुठल्या तोंडानं करायचा, सांगा!

मग त्याला एक चिठ्ठी मिळते. तिच्यात एकच प्रश्न असतो: तू आयुष्यात कधी आजारी पडलायस का? डेव्हिडला आठवेना. त्यानं बायकोला विचारलं, तिलाही सांगता येईना. मी आजारपणाची रजा शेवटची कधी घेतली, असं त्यानं साहेबांना विचारलं. साहेबांना वाटलं, हा गडी पगारवाढ मागतोय. त्यांनी ती देऊनही टाकली!

चिठ्ठी पाठवणारा आहे इलायजा प्राइस (सॅम्युएल एल. जॅक्सन). इलायजाला जन्मापासून हाडं ठिसूळ करणारा आजार आहे. हा आजार खरोखरीचा आहे बरं का. हाडांना चिवटपणा देणारं कोलॅजेन नावाचं प्रथिन शरीरात नीट तयार होत नाही आणि जरा धक्का लागला तरी हाड मोडतं. इलायजाची हाडं आजवर चोपन्न वेळा मोडलीत. शाळेतली मुलं त्याला 'मिस्टर ग्लास' म्हणायची. त्या धास्तीनं तो घराबाहेरच पडेना. तेव्हा त्याच्या आईनं काय केलं? समोरच्या बागेतल्या बाकावर एक भेटवस्तू ठेवली. हवी असेल तर स्वतः जाऊन आण! आत निघालं कॉमिक. मला हा प्रसंग फार आवडतो. आईनं लेक्चर दिलं नाही, नुसता बाक दाखवला.

मोठा होऊन इलायजा कॉमिक्समधल्या मूळ चित्रांचं दालन चालवतो. एक गिऱ्हाईक आपल्या चार वर्षांच्या पोरासाठी चित्र घ्यायला येतं, तर हा चक्क त्याला बाहेर काढतो. हे काय खेळण्यांचं दुकान आहे? त्याचं म्हणणं असं, की कॉमिक्समध्ये जुन्या सत्याचा अंश उरलाय. जगात माझ्याइतका नाजूक माणूस असेल, तर दुसऱ्या टोकाला अजिबात न मोडणारा माणूसही असलाच पाहिजे. खरं की खूळ? डेव्हिडला वाटतं, खूळ.

जोसेफला मात्र ते पटतं. खरं सांगायचं तर हा चित्रपट जोसेफचाच आहे. त्याच्या आईबाबांचं आपसात फारसं पटत नाहीये, बाबा दूर न्यूयॉर्कला जायच्या बेतात आहेत, आणि अशात कुणीतरी येऊन सांगतं की तुझे बाबा सुपरहीरो आहेत! तळघरात डेव्हिड वजनं उचलत असतो. थोडी काढ म्हटल्यावर जोसेफ गुपचूप आणखी चढवतो. बाबा तीही उचलतात. मग दोघंही चढवत सुटतात. वजनं संपल्यावर रंगाचे डबे लटकवतात. साडेतीनशे पौंड! म्हणजे जवळजवळ १५९ किलो. संगीताचा धूमधडाका नाही की काही नाही. बाबांचा श्वास आणि मुलाचे विस्फारलेले डोळे, बस्स.

पण विश्वास फार झाला की त्याचीही भीती वाटते. बाबांना काही होणारच नाही, हे सिद्ध करायला जोसेफ एके दिवशी स्वयंपाकघरात बाबांचं पिस्तूल हातात घेऊन उभा राहतो. त्या खोलीत खलनायक कुणीच नाही. एक घाबरलेली आई, एक घाबरलेले बाबा आणि बाबांवर जिवापाड प्रेम करणारा मुलगा. अख्ख्या चित्रपटात माझा जीव इतका टांगणीला दुसरीकडे कुठेच लागला नाही.

पुढे काय होतं ते इथे फोडत नाही. डेव्हिड एका रात्री रेनकोट चढवून बाहेर पडतो एवढं ध्यानात ठेवा. आणि हो, प्रत्येक सुपरहीरोचं असतं तसं त्याचंही एक मर्म आहे. ते कोणतं, हे रेनकोटवरून ओळखता येतं का बघा! शेवटची काही मिनिटं तर अशी आहेत, की ज्यानं आधी सांगितली त्याच्याशी कट्टी करावी.

आता दोन शब्द आईबाबांशी. अमेरिकेत या चित्रपटाला तेरा वर्षांखालच्या मुलांबाबत पालकांनी सावध राहावं अशा गटाचं प्रमाणपत्र मिळालं होतं, आणि ते रास्तच आहे. पिस्तुलाच्या प्रसंगाखेरीज एका घरात घुसलेल्या माणसाचा भाग बराच भयंकर आहे. सातवी-आठवीच्या पुढची मुलं असतील तर शेजारी बसून बघा. धाकट्यांना थोडं थांबू द्या. २०१९ पर्यंत याच गोष्टीला जोडून 'स्प्लिट' आणि 'ग्लास' असे आणखी दोन चित्रपट आले. 'स्प्लिट' तर मुलांसाठी मुळीच नाही.

मोठ्या दोस्तांनो, बघाल तेव्हा एक खेळ खेळा. श्यामलन माणसं सरळ दाखवायचं टाळतो. कधी आरशात, कधी बंद टीव्हीच्या काचेत, कधी दोन खुर्च्यांच्या फटीतून दाखवतो. कॉमिकमधल्या चौकटीच त्या! इलायजाच्या भोवती जांभळा रंग आणि डेव्हिडच्या भोवती हिरवा. बाकी सगळं करडं, मळकट. आणि त्या करड्या गर्दीत एखादा माणूस भडक लाल किंवा नारिंगी कपड्यांत दिसला, तर नीट लक्ष ठेवा त्याच्यावर. डेव्हिडही तेच करत असतो.