माळ्यावरचा खोका उघडताना...

नोव्हेंबर २०२५मध्ये अमेरिकेत एक कॉमिक बुक लिलावात विकलं गेलं. किंमत ९१ लाख २० हजार डॉलर. आपल्या रुपयांत साधारण ८० कोटी! हा होता १९३९ सालचा 'सुपरमॅन'चा पहिला अंक. छापील किंमत फक्त १० सेंट. तोपर्यंत लिलावात एकाही कॉमिकला इतके पैसे मिळाले नव्हते.

तुमच्या फीडमध्ये ही बातमी आली असेल तर 'आईच्या माळ्यावर मुलांना सापडला खजिना' अशा एका ओळीत आली असेल. खाली कुणीतरी कमेंट केली असेल, 'आमच्या माळ्यावर फक्त गंजलेला कूलर आहे.' तुम्ही हसलात आणि पुढे स्क्रोल केलंत. मीही तेच केलं होतं.

पण नंतर ती बातमी नीट वाचली, तशाच आणखी दोन-तीन जुन्या गोष्टी वाचल्या आणि वाटलं, हा लॉटरीचा किस्सा नाहीच. घरातलं माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आपल्याकडे येतात, पण त्या वस्तूंबद्दल त्याला जे माहीत होतं ते येत नाही. लिलावात जे करोडो मिळतात, ते बऱ्याच अंशी ही हरवलेली माहिती परत मिळवण्याचे असतात. कसं ते बघा.

आईनं सांगितलं होतं, दाखवलं नव्हतं

उत्तर कॅलिफोर्नियातल्या तीन भावांची ही गोष्ट. त्यांची आई आणि तिचा भाऊ, दोघांनी लहानपणी महामंदी आणि दुसरं महायुद्ध यांच्या मधल्या काळात कॉमिक्स घेतली आणि जपून ठेवली. आपल्याकडे मौल्यवान कॉमिक्स आहेत, असं आई मुलांना सांगायची. पण तिनं ती कधी दाखवली नाहीत. मुलंही 'असतील काहीतरी' म्हणून सोडून द्यायची. आपण आईचं ऐकतो तसंच!

आई गेली. २०२४मध्ये भाऊ घर आवरायला गेले. माळ्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या खाली, जाळ्याजळमटांत एक पुठ्ठ्याचा खोका निघाला. त्यात सहा कॉमिक्स. त्यातलंच एक हे.

आता विचार करा, घर आवरायचं काम त्यांनी एखाद्या माणसाला देऊन टाकलं असतं तर? वर्तमानपत्रांसोबत खोकाही गेला असता. आईचं ते एक वाक्य त्यांच्या कानावर होतं, म्हणून खोका उघडल्यावर कळलं तरी की हे काय असू शकतं.

व्हर्जिनिया राज्यातल्या एका कुटुंबात तर इतकं स्पष्ट वाक्यही नव्हतं. २०११मध्ये एक तरुण आपल्या आजीच्या नात्यातल्या एका बाईंच्या निधनानंतर त्यांचं घर आवरत होता. तळघरातल्या कपाटात त्याला ३४५ कॉमिक्स सापडली. त्या बाईंच्या नवऱ्यानं शाळकरी वयात ती घेतली होती आणि आयुष्यभर सांभाळली होती. तो १९९४मध्येच गेला होता. नातेवाइकांना त्यानं याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं.

मग काय झालं? सरळ दोन वाटण्या. अर्धी त्याला, अर्धी भावाला, म्हणून टेक्ससला आईकडे. नंतर कामावरच्या एका सहकाऱ्याशी गप्पा मारताना विषय निघाला. सहकारी म्हणाला, तुझ्याकडे 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक असता तर काय मजा आली असती! घरी जाऊन बघतो तर तो अंक होता. मग इकडे तो आणि तिकडे आई, दोघं आपापले खोके उघडून एकेक अंक यादीशी ताडून बघत बसले.

२०१२च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला लिलाव झाला. 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा अंक २७, ज्यात बॅटमॅन पहिल्यांदा आला, तो एकटाच सुमारे ५ लाख २३ हजार डॉलरला गेला. 'अॅक्शन कॉमिक्स'चा पहिला अंक जवळपास ३ लाखांना. एकूण साधारण ३५ लाख डॉलर.

त्या वाटणीकडे पुन्हा बघा. वाटणी करताना कोणत्या ढिगात काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं. ढीग दिसायला सारखे होते. एकानं आपला ढीग पटकन जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकला असता तर? भावाभावांत आयुष्यभराचा अबोला धरायला तेवढं पुरे होतं.

इतरांनी टाकलं, म्हणून

जुनं म्हणजे महाग, असा आपला समज असतो. तो चूक आहे. हे अंक महाग झाले, कारण बाकीच्यांनी ते टाकून दिले.

'सुपरमॅन'च्या पहिल्या अंकाच्या सुरुवातीला साधारण पाच लाख प्रती छापल्या होत्या. आज पाचशेसुद्धा उरल्या नसाव्यात, असा अंदाज आहे. कागद स्वस्तातला, वर्तमानपत्राचा. मुलं वाचायची, अदलाबदल करायची, फाडायची. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करायच्या मोहिमा निघाल्या, त्यात ढिगानं कॉमिक्स गेली. पुढे कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड झाली. १९५४मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये त्यावर सुनावण्या झाल्या. काही गावांत तर कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या.

उलट उदाहरणही बघा. १९९०च्या दशकात लोकांना कळलं होतं की कॉमिक्समध्ये पैसा आहे. १९९१चा 'एक्स-मेन'चा नवा पहिला अंक ८० लाखांच्या वर खपला. १९९२चा सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक लोकांनी पिशवीसकट जपून ठेवला, पुढे मुलांच्या कॉलेजची फी निघेल म्हणून. नाही निघाली. सगळ्यांनीच जपला, त्यामुळे आजही तो ढिगानं मिळतो. 'गुंतवणूक' म्हणून काही जमवायच्या विचारात असाल, स्निकर्स असोत नाहीतर कार्ड्स, तर एवढं लक्षात ठेवा.

लिलावात नेमकं विकतात काय?

खोका सापडल्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा नियम म्हणजे काहीही करू नका. पुसू नका, फाटलेलं पान सेलोटेपनं चिकटवू नका, इस्त्री तर अजिबात नको. हौशी दुरुस्तीनं किंमत धाडकन खाली येते.

मग अंक ग्रेडिंगला जातो. अमेरिकेत सीजीसी नावाची कंपनी २०००पासून हे काम करते. तिथले तज्ज्ञ पानं मोजतात, कागदाचा रंग, पिना, घड्या तपासतात, कुठे रंग भरलाय का ते बघतात आणि ०.५ ते १० यांत गुण देतात. मग अंक कडक प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद होतो. तीन भावांच्या अंकाला ९.० मिळाले. इतक्या चांगल्या अवस्थेतली या अंकाची दुसरी प्रत तोवर नोंदलेली नव्हती. तिथल्या थंड हवेनं कागद टिकवला. तोच खोका कोकणातल्या माळ्यावर चार पावसाळे राहिला असता, तर वाळवीनं आणि कसरीनं ग्रेड ठरवली असती!

यानंतर येतो वस्तूचा इतिहास. कुणाकडे होती, कुठून आली, मध्ये कुणाच्या हातात गेली. ठरावीक नावाजलेल्या संग्रहातून आलेल्या अंकाला, दुसरा अंक तितकाच चांगला असला तरी, जास्त भाव मिळतो. भावांच्या बाबतीत आईची गोष्टसुद्धा अंकासोबत जगभर पोचली. घेणाऱ्यानं कागद घेतला, त्याबरोबर खात्री आणि गोष्टही घेतली.

आता पैशांचा हिशोब. हातोडा पडतो तो आकडा आणि बातमीतला आकडा एकच नसतो. मोठी लिलावगृहं घेणाऱ्याकडून वर जादा रक्कम घेतात, ती बऱ्याचदा पाचव्या हिश्श्याच्या आसपास असते. समजा, १०० रुपयांवर हातोडा पडला. घेणारा १२० देतो. बातमीत १२० येतात. विकणाऱ्याचा हिशोब मात्र १००पासून सुरू होतो आणि करार असेल तर त्यातूनही कमिशन कापलं जातं. ही टक्केवारी दगडावरची रेघ नसते. वस्तू दुर्मीळ असेल तर विकणारा घासाघीस करू शकतो. राखीव किंमतही ठरवता येते, म्हणजे त्याखाली बोली राहिली तर वस्तू विकायची नाही.

आणि कर? अमेरिकेत वारशानं आलेल्या वस्तूची मूळ किंमत साधारणपणे ती घेतली तेव्हाची धरत नाहीत, मालक गेला त्या वेळची बाजारभावाची धरतात. म्हणजे १० सेंट नाही. पण त्यासाठी त्या वेळचं मूल्यांकन कागदावर हवं. म्हणजे पुन्हा माहितीच.

मग लिलावच का?

थेट दुकानदाराला का विकू नये? विकता येतं, पैसेही लगेच मिळतात. १९७७मध्ये कोलोरॅडोत एका कुटुंबाला घर रिकामं करायचं होतं. घरातल्या म्हाताऱ्या चित्रकारानं जमवलेली १८ ते २२ हजारांच्या घरातली कॉमिक्स तिथे होती. चक रोझान्स्की या तरुण दुकानदारानं ती सगळी घेतली. आज तो 'माइल हाय' संग्रह म्हणून जगातला सगळ्यात नावाजलेला कॉमिक संग्रह मानतात. कुणी कुणाला फसवलं असं नाही. कुटुंबाला जागा मोकळी हवी होती, दुकानदाराला कॉमिक्स हवी होती. फक्त आपण काय विकतोय, हे दोघांपैकी एकालाच नीट कळत होतं.

लिलावाचा खरा फायदा इथे आहे. किंमत एकट्या दुकानदाराच्या तोंडून येत नाही, सगळ्यांसमोर ठरते. वारस दोन-तीन असले की हे फार मोलाचं. एक अंक तिघांत फाडून वाटता येत नाही, पैसे वाटता येतात. 'तू स्वस्तात घातलंस' असं नंतर कुणी कुणाला म्हणू शकत नाही.

विकायचं की नाही, हा प्रश्न मात्र लिलावगृह सोडवत नाही. आईनं लहानपणी दहा सेंट देऊन घेतलेली आणि जन्मभर जपलेली गोष्ट विकणं म्हणजे तिला विसरणं का? मला तसं वाटत नाही. माळ्यावर न उघडता सडू देणं हे जास्त विसरणं आहे. पण निर्णय काय घेतोय हे कळून घ्यावा, नकळत होऊ नये, इतकंच.

आपल्याकडे

आता खरं सांगते. आपल्याकडच्या जुन्या अंकांना अमेरिकेसारखे पैसे येत नाहीत. त्यामुळे उद्या माळ्यावर चढून आजोबांची इंद्रजाल कॉमिक्स शोधू नका, निदान करोडपती व्हायला तरी नको.

आमच्या घरात ती होती. वेताळचे, मँड्रेकचे मराठी अंक, आजोबांनी स्वतः बाइंड केलेले. ते गेल्यावर दुसऱ्या दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावानं रद्दीत गेले. मी तेव्हा आठवीत होते आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर गठ्ठे मीच चढवले. मिळालेल्या पैशांत आम्ही वडापाव खाल्ले. किती अंक होते, पहिला कोणता, आजोबांना ते कुठून मिळायचे, बाइंडिंगवर आतून काय लिहिलं होतं, यातलं काहीच आज कुणाला सांगता येत नाही. पैशाचं सोडा, हे जास्त टोचतं.

म्हणून एवढं करा. या सुट्टीत घरी जाल तेव्हा आजी-आजोबांना विचारा, तुम्ही काय काय जपून ठेवलंय आणि का? कॉमिक्स असतील, तिकिटं असतील, रेकॉर्ड्स असतील, चांदोबाचे अंक असतील. फोनचा रेकॉर्डर चालू ठेवा, चार फोटो काढा, नावं आणि सालं लिहून घ्या. पुढे विकायचं, वाटायचं की ठेवायचं हे नंतर ठरवता येईल.

खोका नंतरही उघडता येतो. त्यात काय आहे हे सांगणारं माणूस तेव्हा असेलच असं नाही.