अ‍ॅव्हरेज किती देते?

सोलापुरात कुणी गाडी घेतली की पेढा तोंडात टाकायच्या आत पहिला प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देते बे?" गाडी पाच लाखांची असो नाहीतर पंचवीस लाखांची, प्रश्न तोच. एअरबॅग किती, ब्रेक कसे, हे कुणी विचारत नाही. मालकही दोन-तीन किलोमीटर वाढवूनच सांगतो. लग्नात मुलाचा पगार सांगतात ना, तसं.

होटगी रोडच्या बाजूला एका गॅरेजसमोर रविवारी सकाळी आमचा कट्टा जमतो. स्वतः मिस्त्री, बँकेतून रिटायर झालेले एक काका, अक्कलकोट-तुळजापूर-पंढरपूर अशी भाडी मारणारा एक ड्रायव्हर, मोहोळकडचा एक ऊसवाला, नुकतीच सेकंडहँड गाडी घेतलेला एक पोरगा आणि मी. भाषा सगळ्या चालतात. मिस्त्री शिवी कन्नडमध्ये घालतात, हिशोब तेलुगूत करतात आणि बिल मराठीत सांगतात. बातम्या गोळा करायला पत्रकार परिषदेपेक्षा ही जागा बरी, कारण इथे कुणी प्रेसनोट देत नाही.

गेलं वर्षभर या कट्ट्यावर एकच विषय आहे. पेट्रोलमधलं इथेनॉल. "गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं", "पिकप घेत नाही", "सकाळी स्टार्टिंगला त्रास". जो येतो तो हेच सांगतो. आणि मग सल्ल्यांचा पाऊस.

कट्ट्यावरच्या सल्ल्यांना मी कमी लेखत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद पडला, गावंच्या गावं पाण्यात गेली. तेव्हा आमचे मिस्त्री फोनवर प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते : "पाण्यात उभी राहिलेली गाडी स्टार्ट करू नका, चावीला हात लावू नका, टोचन करून आणा." इंजिनात पाणी गेलेलं असताना सेल्फ मारला की पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचं काम लाखावर जातं. ज्यांनी ऐकलं त्यांची इंजिनं वाचली.

पण त्याच कट्ट्यावर त्या पोराला कुणीतरी सांगितलं होतं की सोलापूरच्या उन्हात टायरमध्ये हवा कमी ठेवायची, म्हणजे टायर फुटत नाही. नेमकं उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजू जास्त वाकते, जास्त तापते, आणि एप्रिल-मे महिन्यात पुणे रोडला शंभरच्या स्पीडला तोच टायर जातो. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. ती गाडी थंड असताना तपासायची, संपलं. नायट्रोजन भरा, भरू नका, तुमची मर्जी. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्यापेक्षा टायरवरचा चार आकडी नंबर वाचायला शिका. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेला टायर. पोराच्या गाडीचे चारही टायर नक्षीने नव्यासारखे होते, पण वयाने म्हातारे. हे त्याला गाडी विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं.

तुळजापूरचा घाट न्यूट्रलमध्ये उतरला की पेट्रोल वाचतं, हाही असाच सल्ला. कार्ब्युरेटरच्या गाड्या गेल्या, सल्ला राहिला. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये ठेवून पाय काढला की पेट्रोलचा पुरवठा जवळपास बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

आता इथेनॉल. आधी माहीत असलेल्या गोष्टी सांगतो. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच ऊर्जा असते. म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलं की निव्वळ गणिताने सहा-सात टक्के ऊर्जा कमी. पण आपण आधीच १० टक्केवालं पेट्रोल वापरत होतो, त्यामुळे दहावरून वीसवर जाताना साधारण तीन-साडेतीन टक्क्यांचा फरक. जुन्या गाडीचं इंजिन या मिश्रणासाठी बसवलेलं नसलं तर त्याहून थोडा जास्त.

म्हणून बँकवाले काका जेव्हा म्हणाले, "माझी पंधरा द्यायची, आता दहा देते," तेव्हा मी मोबाईलवर हिशोब करून दाखवला. इथेनॉलमध्ये काहीच ऊर्जा नाही असं धरलं तरी पंधराची बारा होईल. दहा कशी होईल? मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. मागचा एक ब्रेक धरून बसला होता, चाक हाताने फिरेना. एअर फिल्टर काढला तर वीटभट्टीतून आणल्यासारखा. काका दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "तरी पण इथेनॉल आहेच की." आहेच. पण सगळं पाप त्याच्या माथ्यावर टाकलं की चोर सुटतो.

खरा पुरावा निघाला ड्रायव्हरच्या खिशातून. त्याच्याकडे एक छोटी डायरी आहे, पाठीवर एका पतसंस्थेचं नाव असलेली. पेट्रोल भरलं की किलोमीटर आणि लिटर लिहायचे, टाकी फुल्ल करूनच. गाडी तीच, रूट तेच, हात तोच. आधी साडेसतराच्या आसपास असणारा आकडा आता साडेसोळावर आलाय. टायर बदलले तेव्हा थोडा सुधारला, पण पूर्वीइतका नाही. पाच-सहा टक्के. आमच्या कट्ट्यावर या विषयावर सर्वात कमी बोलणारा माणूस तोच, आणि आकडा फक्त त्याच्याकडे.

पाच टक्के म्हणजे किरकोळ वाटतं. तो महिन्याला तीन हजार किलोमीटर चालवतो. एकशे पाच रुपयांच्या आसपास पेट्रोल धरा, महिन्याला जवळपास हजार रुपये. वर्षाचे बारा हजार. त्याच्या मुलीची कॉलेजची फी त्याहून फार वेगळी नाही.

माझं भांडण इथे आहे. त्या माणसाची डायरी जे सांगते ते सरकारच्या कागदातही होतं. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीचा जून २०२१ चा अहवाल आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की आधीच्या पद्धतीने बनवलेल्या, १० टक्क्यांसाठी बसवलेल्या चारचाकींचं मायलेज २० टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी कमी होऊ शकतं. त्याच अहवालात हेही आहे की ऊर्जा कमी असल्यामुळे असं इंधन ग्राहकाला साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त मिळायला हवं. मग ऑगस्ट २०२५ मध्ये ओरड झाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितलं, नव्या धाटणीच्या गाड्यांत एक-दोन टक्के आणि बाकीच्यांत तीन ते सहा टक्के. आणि स्वस्ताईचं? तर म्हणे आता इथेनॉलच महाग झालंय, सरासरी खरेदी ७१ रुपये ३२ पैसे लिटर, शुद्ध पेट्रोलच्या मूळ किमतीपेक्षा जास्त.

हे खरं असेल. पण मग २०३० चं उद्दिष्ट २०२५ वर आणायची घाई करताना जुन्या गाडीवाल्याला कुणी विचारलं होतं? २० टक्के मिश्रणाला टिकतील असे भाग असलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून, इंजिनच त्यासाठी बसवलेल्या गाड्या एप्रिल २०२५ पासून, असा आराखडा होता. सोलापूरच्या रस्त्यावर उभे राहा आणि मोजा, किती गाड्या २०२३ नंतरच्या दिसतात. इथे माणूस गाडी पंधरा वर्षं वापरतो, मग ती विकतो, आणि घेणारा आणखी पाच वर्षं.

कट्ट्यावर हा विषय निघाला की ऊसवाला तापतो. "तुमच्या टाकीत माझा ऊस आहे. इथेनॉल नसतं तर कारखान्याने बिलं अडीच वर्षांनी दिली असती. तुम्हाला लिटरमागं चार-पाच रुपये गेले तर एवढी बोंब, आम्ही एफआरपीसाठी साखर आयुक्तांच्या दारात बसलो तेव्हा कुठं होता?" तीसहून जास्त कारखान्यांच्या जिल्ह्यात हा माणूस चूक आहे असं म्हणायची माझी छाती नाही. मोलॅसिसची दारू होण्यापेक्षा इंधन झालं आणि शेतकऱ्याला पैसा वेळेवर मिळाला तर कुणाला नकोय?

पण मी त्यालाही सांगितलं, दादा, तुझाही हिशोब बघ. ७ डिसेंबर २०२३ ला एका आदेशात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी आली, कारखान्यांनी कर्जं काढून उभे केलेले डिस्टिलरीचे प्लांट बघत राहिले, आठवड्याभराने मर्यादित परवानगी मिळाली. रसापासूनच्या इथेनॉलचा दर २०२२-२३ ला ६५ रुपये ६१ पैसे होता, २०२४-२५ लाही तेवढाच. दरम्यान उसाची एफआरपी टनाला ३,०५० वरून ३,४०० झाली. मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे. आज टाकीतल्या इथेनॉलमध्ये मोठा वाटा मक्याचा आहे, उसाचा नाही. म्हणजे गाडीवाल्याचा खिसा कापला जातोय आणि ऊसवाल्याच्या खिशातही पूर्ण पडत नाहीये. यावर तो गप्प झाला नाही, ऊसवाले गप्प होत नसतात. म्हणाला, "मग बोंब तिकडं मारा की, माझ्यावर कशाला?" बरोबर आहे.

ब्राझीलचं उदाहरण नेहमी दिलं जातं. द्या, पण पूर्ण द्या. तिथे पेट्रोलमध्ये २७ टक्के इथेनॉल होतं, ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के झालंय. पण २००३ पासून तिथे कुठलंही मिश्रण चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात, आणि पंपावर इथेनॉलचा नोझल वेगळा, दर वेगळा. साधा माणूस तोंडी हिशोब करतो : इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या खाली असेल तर ते भरायचं, नाहीतर पेट्रोल. तो त्यांचा कट्ट्यावरचा नियम. आपल्या माणसाला हिशोब येत नाही असं नाही, त्याला हिशोब करायला दोन नोझलच दिलेले नाहीत.

पर्याय ठेवा, पंपावर नीट लिहा, अशी मागणी घेऊन एक याचिका सुप्रीम कोर्टात गेली होती. १ सप्टेंबर २०२५ ला ती फेटाळली गेली. कोर्टाचा मान ठेवून म्हणतो, प्रश्न फेटाळला गेलेला नाही. जुन्या गाड्यांसाठी १० टक्केवाला एक नोझल ठेवणं अशक्य आहे का? तो ठेवायचा नसेल तर निदान दरात दोन-तीन रुपयांची सवलत? तीही नको असेल तर मशीनवर बोटभर अक्षरात "यात २० टक्के इथेनॉल आहे" एवढं तरी? दुधाच्या पिशवीवर फॅट किती ते लिहिलेलं असतं. शंभर रुपयांपेक्षा महाग लिटरवर नको?

माहिती मिळाली नाही की तिची जागा कट्टा घेतो. मग कुणी अमुक बाटली टाकीत ओता म्हणतो, कुणी पहाटे पेट्रोल भरा, थंडीत घट्ट असतं म्हणतो. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिला पहाट-दुपार फारशी कळत नाही. ज्यांची गाडी जुनी आहे त्यांनी एवढं करावं असं मिस्त्रींचं म्हणणं, आणि मला ते पटलं : गाडी महिनोन् महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा हाताने दाबून बघा, कडक किंवा फुगलेले असले तर बदला. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो, म्हणून झटके मारायला लागली तर हजारोंचा पंप बदलायच्या आधी फिल्टर बघा.

आणि गाळपाचा हंगाम आहे, रात्री ट्रॉलीला रिफ्लेक्टर नसतो, अ‍ॅव्हरेज वाढवायच्या नादात हेडलाइट बंद ठेवून जाणारे दोन महाभाग मी स्वतः पाहिलेत.

ड्रायव्हरच्या डायरीवरून मला एक सुचलंय. सलग तीन वेळा एकाच पंपावर टाकी फुल्ल करा आणि खाली लिहा : गाडी कोणत्या सालची, किलोमीटर किती, लिटर किती, एसी चालू होता का. "खूप पडलं" असं लिहू नका, आकडा लिहा. वाढवून तर अजिबात लिहू नका. पन्नास-साठ आकडे जमले की मी ते घेऊन इथल्या लोकप्रतिनिधींना आणि तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना विचारायला जाणार आहे. काकांनी ब्रेक दुरुस्त करून पहिली टाकी भरली आहे. आकडा विचारला तर म्हणाले, "अजून अर्धी आहे, घाई करू नको."