व्हेंटिलेटर आला, तो चालवणारा कधी येणार?

माझे मामू मालेगावात पस्तीस वर्षं यंत्रमागावर होते. बारा तासांची पाळी आणि आठवड्याला एक सुट्टी, जुम्म्याची. चाळिशीच्या आसपास त्यांना एक विचित्र त्रास सुरू झाला. सुट्टीनंतर शनिवारी कारखान्यात पाऊल ठेवलं की छाती आवळल्यासारखी व्हायची, दम लागायचा. मंगळवार-बुधवारपर्यंत तो कमी व्हायचा. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. ‘शनिचर को छाती भर जाती है,’ असं ते म्हणायचे. घरातले त्याचं खापर शुक्रवारच्या जेवणावर फोडायचे.

डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग टीबीचं. थुंकीत जंतू सापडला नव्हता, तरी टीबीचा कोर्स दोनदा झाला. पुढे एका नव्या तरुण डॉक्टरांनी मामूंना विचारलं, ‘चाचा, सोमवारी त्रास जास्त होतो का?’ मामू म्हणाले, ‘नाही.’ ते खरंच होतं. डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

तो प्रश्न का विचारला होता, हे मला फार उशिरा कळलं. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. पिंजण आणि सूतकताईत तो सर्वाधिक होतो, विणकामात कमी, पण होतो. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, ही त्याची सर्वांत ठळक खूण. ज्या इंग्रजी गिरण्यांमध्ये हा आजार ओळखला गेला, तिथे सुट्टी रविवारी असे. म्हणून पुस्तकात सोमवार आला. मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात. इथला सोमवार शनिवारी येतो. डॉक्टरांनी पुस्तक नीट वाचलं होतं, पण ते ज्या शहरात शिकले तिथे यंत्रमाग कामगाराची छाती तपासायची वेळ त्यांच्यावर कधी आली नसावी.

हा लेख मामूंच्या आठवणींसाठी लिहीत नाही. फुफ्फुसांचे आणि अतिदक्षतेचे डॉक्टर आपण कसे घडवतो, कुठे घडवतो आणि किती कमी घडवतो, हा प्रश्न मला त्यांच्यामुळे पडला. तो मांडायचा आहे.

आपल्याकडे छातीरोगाची विद्याशाखा टीबीच्या पोटातून जन्मली. मिरज असो वा मुंबईतलं शिवडी, छातीची मोठी रुग्णालयं क्षयरुग्णांसाठीच उभी राहिली. पदवीचं नावही बरीच वर्षं ‘टीबी अँड चेस्ट’ असंच होतं, नंतर ते ‘रेस्पिरेटरी मेडिसिन’ झालं. त्याला कारणही होतं. आजही जगातल्या दर चार टीबी रुग्णांपैकी एक भारतात आहे. पण त्यातून एक सवय लागली. गरिबाचा जुना खोकला म्हणजे टीबी, हे समीकरण बसलं. चुलीच्या धुराने फुफ्फुसं गेलेली बाई, दगडखाणीतला मजूर, मागावरचा विणकर, सगळ्यांना एकाच खिडकीतून औषध मिळू लागलं. नळीत फुंकर मारून फुफ्फुसाची ताकद मोजणारी स्पायरोमेट्री ही साधी तपासणी आहे. मामूंची ती आयुष्यात पहिल्यांदा झाली तेव्हा ते साठीच्या पुढे होते. तोवर धूळ आणि बिडी या दोघांनी मिळून त्यांची फुफ्फुसं कायमची अरुंद केली होती.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात एका रात्री मामूंचा दम वाढला. जवळच्या रुग्णालयात नेलं. तिथे व्हेंटिलेटर होता, मी डोळ्यांनी पाहिला. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं. ड्युटीवरचे डॉक्टर भले माणूस होते. हात जोडून म्हणाले, ‘मशीन आहे, पण चालवणारं कुणी नाही. नाशिकला न्या.’ मामूंच्या नाकाला मास्क लावून ऑक्सिजन पूर्ण सोडला गेला. रुग्णवाहिकेत चालकाने माझ्या हातात हवा भरायची रबरी पिशवी दिली आणि सांगितलं, श्वास थांबतोय असं वाटलं की दाबत राहा. मालेगाव ते नाशिक शंभर किलोमीटरहून अधिक अंतर आहे. चांदवडच्या अलीकडे राहुड घाटात मी ती पिशवी दाबायला लागलो. भीतीपोटी भराभर दाबत होतो. नाशिक आलं तेव्हा मामू नव्हते.

नंतर छातीच्या एका तज्ज्ञांना मी सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी मला दोष दिला नाही, पण जे खरं ते सांगितलं. अशा रुग्णाच्या श्वासनलिका अरुंद असतात, आत गेलेली हवा बाहेर पडायला वेळ लागतो. पिशवी सावकाश दाबायची असते आणि दोन दाबांमध्ये थांबायचं असतं. घाई केली तर हवा छातीत कोंडते आणि हृदयावर दाब येतो. ऑक्सिजनचंही तसंच. अशा रुग्णाच्या बोटावरच्या यंत्रात ८८ ते ९२ हा आकडा पुरेसा असतो. शंभर गाठायला गेलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून रुग्ण गुंगीत जाऊ शकतो. आणि अशा वेळी बहुतेकांना घशात नळी घालायची गरजही पडत नाही. घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणारं बायपॅप नावाचं छोटं यंत्र वेळेवर लावलं तर बरेच रुग्ण वाचतात.

म्हणजे आमच्याकडे ऑक्सिजन होता, पिशवी होती, व्हेंटिलेटर होता. नव्हतं ते एवढंच, हे सगळं जाणणारं एक माणूस. मामू नक्की वाचले असते असा माझा दावा नाही. त्यांना संधी मिळाली नाही, एवढंच मी म्हणतो.

अतिदक्षता विभागाचा इतिहासही हेच सांगतो. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं रोज दाखल होत आणि दहापैकी आठ-नऊ दगावत. ब्लेगडाम रुग्णालयात श्वासाची यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि हाताने पिशवी दाबून श्वास देण्याची पद्धत सुरू केली. त्यासाठी वैद्यकीय विद्यार्थी बोलावले. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळ्या लावून महिनोन् महिने पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. पुढच्याच वर्षी इब्सेनने कोपनहेगनमध्येच जगातला पहिला समजला जाणारा अतिदक्षता विभाग उघडला. त्या मुलांच्या हातात होती तशीच पिशवी माझ्याही हातात होती. फरक इतकाच की त्यांना कुणीतरी शिकवलं होतं आणि शेजारी विचारायला माणूस उभा होता.

यंत्र आल्यावरही शिक्षणाची गरज कमी होत नाही, वाढते. २००० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. फुफ्फुसं सुजलेल्या ८६१ गंभीर रुग्णांचा. अर्ध्यांना व्हेंटिलेटरवर तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मोठे श्वास दिले, अर्ध्यांना त्याच्या निम्मे. मोठे श्वास दिलेल्यांत जवळपास ४० टक्के दगावले, लहान श्वास दिलेल्यांत ३१ टक्के. यंत्र बदललं नव्हतं, फक्त त्यावरचा आकडा बदलला होता. तो आकडा ठरवणाऱ्याला ज्ञान नसेल तर व्हेंटिलेटर स्वतःच फुफ्फुस फाडू शकतो.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहू. मे २०२० मध्ये पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरसाठी दोन हजार कोटी रुपये जाहीर झाले. यंत्रं हवीच होती, त्याला विरोध नाही. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने वैद्यकीय महाविद्यालयांसाठी नवे किमान निकष काढले. एमबीबीएस शिकवण्यासाठी अनिवार्य असलेल्या विभागांच्या यादीतून श्वसनविकार विभाग वगळला गेला. अख्खा देश श्वासासाठी धडपडत असताना हे झालं. छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी विरोध नोंदवला. २०२३ च्या निकषांतही हा विभाग अनिवार्यांत परतला नाही. स्वतंत्र विभाग नसला तर विषय मेडिसिनच्या एखाद्या कोपऱ्यात उरकला जातो. मग ड्युटीवरच्या त्या भल्या डॉक्टरांनी बायपॅप कुठे शिकायचा?

तज्ज्ञ व्हायचा रस्ता लांब आहे. एमबीबीएस आणि इंटर्नशिप साडेपाच वर्षं, एमडी तीन, त्यावर डीएम आणखी तीन. चंदीगडच्या पीजीआयमध्ये फुफ्फुसविकार आणि अतिदक्षता एकाच डीएममध्ये शिकवतात. अमेरिकेतही ही जोडी रूढ आहे, आणि ती योग्यच आहे. महाराष्ट्राला या विद्येची परंपरा नाही असंही नाही. मुंबईत डॉ. फारुख उदवाडिया यांनी धनुर्वाताचे गरीब रुग्ण अतिदक्षतेच्या जोरावर वाचवून दाखवले. अतिदक्षता तज्ज्ञांची देशपातळीवरची संघटनाही १९९३ मध्ये मुंबईतच स्थापन झाली. पण बारा वर्षं शिकून तयार झालेला माणूस मुंबई-पुण्याच्या मोठ्या खासगी रुग्णालयात जातो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीत त्याला काम करण्यासारखा विभाग आपण उभा केला का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून सुपरस्पेशालिस्टच्या जागा वाढवा एवढीच मागणी अपुरी आहे. माझ्या मते तीन गोष्टी एकत्र व्हायला हव्यात. पहिली, श्वसनविकार विभाग एमबीबीएसला पुन्हा अनिवार्य करावा आणि इंटर्नशिपमध्ये ऑक्सिजन, बायपॅप आणि पिशवी यांचं हाताने करून घेतलेलं प्रशिक्षण असावं. परिचारिकांनाही ते द्यावं, कारण रात्रभर रुग्णाजवळ त्याच असतात. दुसरी, राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० पासून एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांच्या पदविका सुरू केल्या आहेत, त्यांत टीबी आणि छातीरोग हा विषय आहे. शंभर खाटांच्या रुग्णालयालाही त्यासाठी अर्ज करता येतो. सरकारने यंत्रमागाच्या शहरांतली आपली रुग्णालयं यासाठी तयार करावीत. जिथे शनिवारी छाती भरते, तिथे शिकलेला डॉक्टर रुग्णाला आधी त्याच्या सुट्टीचा वार विचारेल. तिसरी, जिल्ह्याच्या ठिकाणचा अतिदक्षता तज्ज्ञ तालुक्याच्या डॉक्टरला रात्री-अपरात्री फोनवर, पडद्यावर उपलब्ध असावा आणि ती त्याची नेमून दिलेली, पगारी जबाबदारी असावी.

सरकारला चार गोष्टी सुनावल्या, आता आपल्या समाजाकडे वळतो. कोविडमध्ये आपल्या लोकांनी मोठं काम केलं. भिवंडीच्या शांतीनगरमधल्या मक्का मशिदीत ऑक्सिजनचं केंद्र उघडलं होतं, तिथे जात-धर्म विचारला गेला नाही. गावोगावच्या तरुणांनी सिलिंडर खांद्यावर वाहिले. त्याबद्दल मला अभिमान आहे. पण आपलं दानही सरकारसारखंच वस्तूत अडकलेलं आहे. रुग्णवाहिका घेतो, तिच्यावर नाव रंगवतो, लोकार्पणाचा फोटो काढतो. तिच्यात बसणाऱ्या मुलाला पिशवी दाबायला शिकवावं, हे सुचत नाही. मामूंना नेणारी रुग्णवाहिकाही दानातूनच आली होती.

तेराव्या शतकात कैरोत इब्न अल-नफीस नावाचे हकीम होऊन गेले. रक्त हृदयाच्या उजव्या भागातून फुफ्फुसांत जातं, तिथे हवेशी मिसळतं आणि डाव्या भागात परततं, हे त्यांनी युरोपच्या तीनशे वर्षं आधी लिहून ठेवलं. आपल्या जलशांत त्यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. त्यांनी आपलं घर आणि ग्रंथसंग्रह कैरोच्या मन्सूरी रुग्णालयाला देऊन टाकला, हे मात्र कुणी सांगत नाही. ते रुग्णालय वक्फच्या उत्पन्नावर चालत असे आणि तिथे उपचारांबरोबर शिक्षणही होत असे. महाराष्ट्रात वक्फच्या हजारो एकर जमिनी आहेत. त्यांच्या भाड्यातून दरवर्षी दोन-चार मुला-मुलींचं छातीरोगाचं शिक्षण, दहा-वीस परिचारिकांचं अतिदक्षतेचं प्रशिक्षण होऊ शकत नाही का? अट एवढीच असावी की त्यांनी काही वर्षं आपल्या शहरात काम करावं. सदका-ए-जारिया म्हणजे देणारा गेल्यावरही चालत राहणारं दान. बोअरवेल आणि वॉटर कूलर त्यात येतात, तसा शिकवलेला माणूसही येतो. तो पुढे आणखी चार जणांना शिकवतो.

मामेभाऊ आता त्याच कारखान्यात मागावर आहे. गेल्या महिन्यात भेटला तेव्हा सहज म्हणाला, शनिवारी जरा जड वाटतं. मी त्याला स्पायरोमेट्रीसाठी नाशिकला घेऊन गेलो. मालेगावातल्या सगळ्याच कामगारांना असं कुणी घेऊन जाणार नाही. त्यांचा डॉक्टर त्यांच्या गावात असायला हवा.