घराच्या मापाचा नियम

जपानच्या क्यूशू बेटावर बेप्पूहून सायकलने निघालो आणि ५०० क्रमांकाच्या राष्ट्रीय मार्गाचा चढ संपवून आजिमूच्या डोंगराळ खोऱ्यात उतरलो, तेव्हा दिवस कलला होता. अशा वेळी सायकलस्वाराला दोनच गोष्टी हव्या असतात : अन्न आणि अंथरूण. मुक्काम एका वृद्ध शेतकरी दाम्पत्याच्या घरी होता. शहरात स्थायिक झालेल्या मुलाची खोली मला मिळाली. यजमानीणबाईंसोबत अळंबी चिरली आणि त्यांच्याच पंगतीला बसून जेवलो.

हा साधा पाहुणचार एकेकाळी नियमांत बसत नव्हता. निवासगृह चालवायचे तर पाहुण्यांच्या खोल्यांचे क्षेत्रफळ किमान ३३ चौरस मीटर हवे, त्यांच्यासाठी स्वयंपाकघर निराळे हवे. एवढा खर्च शेतकऱ्याला परवडणारा नव्हता. १९९६ मध्ये आजिमूच्या शेतकऱ्यांनी पाहुण्यांना सभासद करून घेण्याची पळवाट काढली. २००२ मध्ये ओइता प्रांताच्या प्रशासनाने ती बुजवण्याऐवजी राजमार्ग केला : पाहुणा यजमानासोबत रांधत असेल, तर वेगळ्या स्वयंपाकघराची गरज नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या निवासगृहांसाठी क्षेत्रफळाची अटही काढली.

यामुळे खेडी पुन्हा भरली, असा दावा मी करणार नाही. २०२३ च्या पाहणीनुसार जपानमध्ये सुमारे ९० लाख घरे रिकामी आहेत. माझ्या यजमानांचा मुलगाही परतलेला नाही. पण जे मागे राहिले, त्यांना शेतीखेरीज चार पैसे आणि बोलायला माणूस मिळतो, हे लहानसहान नाही.

भारतात उत्तराखंडने ओस पडणाऱ्या गावांसाठी २०१७ मध्ये स्थलांतर आयोग नेमला. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने होमस्टेसाठी मुद्रा कर्जाची घोषणा केली. कर्ज स्वागतार्ह आहे. परंतु हॉटेलाचे माप धरून लिहिलेल्या अटी पुऱ्या करण्यासाठीच ते खर्ची पडणार असेल, तर डोंगरातील म्हाताऱ्या जोडप्याच्या पदरी उत्पन्नाआधी हप्ताच पडेल. आगीपासून सुरक्षितता आणि स्वच्छ पाणी यांत तडजोड नको. बाकी प्रत्येक अट मात्र स्वतःची गरज सिद्ध करू शकली पाहिजे. नियम लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने एक रात्र अशा घरी काढावी, सकाळी यादी हाती घ्यावी आणि कोणती अट खरोखर लागते, ते मग ठरवावे.