ऐकायला बोलावता, वाचायला का नाही?

वेरूळमध्ये मुस्लिम बायांचे वाचन मंडळ काढू या, असे आम्ही म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला, "कशाला? इज्तेमा होतो ना?" होतो. आम्ही जातो, पुढेही जाऊ. पण तिथे बोलणारी एक आणि ऐकणाऱ्या बाकी साऱ्या. किताब तिच्या हातात. पान मागे उलटून "आपा, हे असे का?" असे विचारायची सोय नाही. आम्हाला तीच सोय हवी आहे.

आमच्या बाया शिकलेल्या नाहीत, हे दुसरे कारण. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील मुसलमानांची साक्षरता ७८.१ टक्के होती, राज्याची ७६.९. मग त्या अक्षरांचे होते काय? रेशनकार्ड, विजेचे बिल, बचत गटाचे रजिस्टर. दहावीला मराठीत निबंध लिहिणारी मुलगी लग्नानंतर पुस्तक हातात घेत नाही, कारण घरात पुस्तकच नसते. लेण्यांपाशी पुस्तके विकायला असतात खरी, पण ती पाहुण्यांसाठी.

"मराठी पुस्तकांत आपले काय आहे?" असेही विचारतात. मेहरुन्निसा दलवाईंचे 'मी भरून पावले आहे' आहे. रझिया पटेलांचे 'चाहूल' आहे. मलिका अमर शेखांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' आहे. दलवाई हे नाव ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. सगळे पटलेच पाहिजे असे कुठे आहे? पटत नाही ते चारचौघींत बोलता यावे म्हणूनच तर मंडळ. जिला उर्दू येते तिने उर्दू आणावे, आमचे भांडण नाही.

पुरोगामी मित्रांनाही एक सांगायचे आहे. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत मोर्चाने गेल्या, त्यांचे मोल आम्ही जाणतो. पण तेव्हापासून आमच्याकडे यायचे ते तलाक नाहीतर बुरखा हेच विषय घेऊन. आम्हाला कविता आवडते, प्रवासवर्णन आवडते, हे तुमच्या गावीही नाही. तुमचे व्याख्यान म्हणजेही शेवटी ऐकणेच.

आणि दीनचे नाव पुढे करणाऱ्यांनी आठवावे. हजरत अबू बकर (रजि.) यांच्या काळात एकत्र केलेली कुराणाची पाने पुढे उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्या ताब्यात होती. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रती करवल्या तेव्हा ती त्यांच्याकडूनच मागवून घेतली. एवढी अमानत बाईच्या घरी राहिली, आणि आमच्या कपाटाची किल्ली मात्र कमिटीकडे असावी?

तीसेक किलोमीटरवरच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, २०२१ पासून एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने मोहल्ल्यामोहल्ल्यांत मुलांची वाचनालये निघाली. सगळ्यांनी कौतुक केले, योग्यच केले. पोरांच्या हातात पुस्तक दिल्याने कोणाची इज्जत गेली नाही. त्यांच्या आयांच्या हातात दिल्याने कशी जाते?

आमचे मागणे मोठे नाही. एक खोली, एक कपाट, एक सतरंजी. वार मंगळवार, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात आणि दुकानांवर बसणाऱ्या बायांनाही उसंत मिळते. जुम्मा सुचवू नका, त्या दिवशी आमची चूल तुमच्यापेक्षा लवकर पेटते. किल्ली आमच्यातल्याच एकीकडे राहील. पुस्तकांची यादी आधी दाखवा, असे कोणी म्हणेलच. यादी दारावर चिकटवू. ज्याला वाचायची त्याने वाचावी, पण खोडायला पेन आणू नये.