पुसणार कोण?

गेल्या महिन्यातली गोष्ट. शुक्रवार होता. संध्याकाळी साडेसातला सून बँकेतून घरी आली, चपला काढल्या, दोन पावलं आत टाकली आणि तिचा पाय थेट निळ्या रंगात! पोस्टर कलरची बाटली आडवी, झाकण सोफ्याखाली, आणि रंग फरशीवरून सोफ्याच्या दिशेने संथपणे निघालेला. शेजारी आमची नात, वय वर्षं सहा, दोन्ही हात कोपरापर्यंत निळे. आणि समोरच्या भिंतीवर, दिवाळीत लावलेल्या नव्याकोऱ्या रंगावर, एक भलाथोरला देवमासा.

(तो देवमासा पुरा होईपर्यंत आजीबाई काय करत होत्या, असं तुम्ही विचाराल. आजीबाई पुस्तक वाचत होत्या आणि त्यांना डुलकी लागली होती. खरं ते सांगितलेलं बरं.)

सून एक शब्द बोलली नाही. पर्स ठेवली, फडकं आणलं आणि ऑफिसच्या कपड्यांतच गुडघ्यांवर बसून पुसायला लागली. आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण चौतीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही. मी म्हणाले, "अगं, मुलांना मोकळं खेळू द्यावं. रंगात हात घातल्याशिवाय का मूल मोठं होतं?"

तिने मान वर केली नाही. "आई, मला पटतं ते. पण पुसणार कोण?"

तेवढ्यात मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला. त्याचा ऑफिसचा कॉल नुकताच संपला होता. देवमासा पाहून म्हणाला, "वा! काय मस्त काढलाय!" मोबाइलवर फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाणी पिऊन परत आत गेला. दोन मिनिटांत सगळ्या आत्या-मावश्यांचे बदाम यायला लागले. सून अजून पुसतच होती.

उत्तर येत नसलं की वर्गातला मुलगा खिडकीबाहेर बघतो ना, तशी मी गॅलरीतल्या कुंड्या बघत बसले.

त्या रात्री झोप लागली नाही. मुलांना मनसोक्त रंगू द्या, घर काय, पुन्हा आवरता येतं, असे सुविचार हल्ली रोज सकाळी मोबाइलवर येतात. वाचायला गोड असतात. पण मला वाटतं, हे लिहिणाऱ्यांच्या घरी आवरणारं दुसरंच कुणीतरी असावं. दिवसभर काउंटरवर बसून, लोकलमध्ये उभं राहून, येताना भाजी घेऊन आलेल्या बाईला निळी फरशी पाहून रडू आलं, तर ती मुलाच्या कलेच्या आड येते असं म्हणू नये. ती दमलेली असते, इतकंच.

"आमच्या वेळी नव्हतं बाई असं," हे वाक्य तोंडावर आलं होतं, ते मी गिळलं. गिळल्यावर विचार केला, खरंच का नव्हतं? तर त्याचं कारण आम्ही फार सहनशील होतो असं नाही. आमच्या भिंती स्वस्त होत्या! साताऱ्याला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. भिंतींना चुना. दर दिवाळीआधी यजमान चुना भिजत घालायचे, त्यात थोडी नीळ, आणि एका रविवारात वर्षभराचे कावळे-चिमण्या, आगगाड्या, पाढे, सगळं पांढरंशुभ्र. शिवाय मुलांच्या हातात होतं तरी काय? पाटी आणि पेन्सिल. मी शाळेतून आणलेले खडूचे तुकडे. बारा मेणखडूंची एक पेटी दोन भावंडांत, त्यातलाही पांढरा कुणालाच नको असायचा. दारात रांगोळी असायची, तिच्यात मुलीने हवे तेवढे हात बरबटावेत, दुसऱ्या दिवशी ती केरात जायचीच होती. आमची चित्रं मुळात पुसली जाण्यासाठीच होती. आताच्या भिंतीला रंग लावायला पगाराचा मोठा लचका तोडावा लागतो, त्या भिंतीपाशी तोच हिशेब कसा चालेल?

सकाळी उठून मी सुनेला म्हटलं, आठ दिवस हा पसारा माझ्याकडे. तू हात लावायचा नाहीस. तिने माझ्या गुडघ्यांकडे बघितलं, पण काही बोलली नाही.

त्या आठ दिवसांत मी जेवढं शिकले तेवढं बी.ए.च्या शेवटच्या वर्षालाही शिकले नसेन. पोस्टर कलर हा तसा सभ्य प्राणी, ओला असताना गार पाण्याने निघतो. अ‍ॅक्रिलिक मात्र एकदा वाळला की प्लास्टिकच होतो, मग त्या फ्रॉकला रामराम करायचा. तैलखडू वाळतच नाहीत, ते फरशीवरून पायाला, पायावरून चादरीला प्रवास करतात. फरशीवर आणि लाकडावर थोडं खोबरेल तेल चोळायचं, मग भांड्यांच्या साबणाचा हात फिरवायचा. भिंतीवर तेल नको, तेलाचाच डाग पडतो, तिथे नुसतं साबणाचं पाणी आणि मऊ फडकं. स्केचपेनचं काही नाही, ते अंघोळीगणिक फिकट होतं. पण चमकी! चमकीपुढे मी हात टेकले. केरसुणीने ती जात नाही, पसरते. शेवटी कणकेचा गोळा फिरवून टिपली, तरी आमटीत एक कण चमकलाच.

दुसरं शिकले ते मोजून. एका दुपारी नातीला घेऊन बसले आणि घरातलं सगळं रंगाचं सामान जमिनीवर मांडलं. स्केचपेनचे अकरा संच. अकरा! त्यातले आठ कुणाकुणाच्या वाढदिवसाला मिळालेली रिटर्न गिफ्टं. तैलखडूंच्या चार पेट्या, तीन जलरंगांच्या वड्या, एक सूटकेसएवढी पेटी, जिच्यात दीडशे वस्तू असल्याचं झाकणावरच लिहिलं होतं. वर स्लाइमचे डबे, चिकणमाती, स्टिकर. झाकण हरवून वाळलेले पेन मी वेगळे काढले तर अर्धी बादली भरली. नातीला विचारलं, यातलं तुला काय आवडतं? तिने क्षणभरही विचार न करता दोन तैलखडू उचलले, निळा आणि काळा. बाकी सगळं ती नुसतं उपडं करते, कारण ते आहे!

म्हणून माझं मत असं झालंय की आपण ज्याला मुलांचा पसारा म्हणतो, त्यातला निम्मा मोठ्यांनी विकत आणलेला असतो. वेळ देता येत नाही, म्हणून वस्तू द्यायच्या. मीही त्यातलीच, ती सूटकेस मीच आणली होती.

मॅडम मॉन्टेसरींनी १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत पहिलं बालगृह काढलं. तिथलं साधन प्रत्येकी एकच असे, त्याची फळीवरची जागा ठरलेली असे. मुलाने ते स्वतः आणायचं, आसनावर मांडायचं आणि झालं की जागेवर नेऊन ठेवायचं. मगच दुसऱ्याला मिळायचं. मुलांच्या उंचीचे छोटे झाडू असत. पुसणं हा खेळानंतरचा जाच नव्हता, खेळाचाच भाग होता. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली, पुढे कोसबाडला नेली, तेव्हा तर परदेशी महागड्या साधनांऐवजी बिया, शिंपले, खडे, पानं हाताशी घेतली. सेवाग्रामच्या नयी तालीममध्ये देवीप्रसाद १९४४ पासून मुलांना चित्रकला शिकवत होते, आणि त्याच शाळेत सफाई हाही शिक्षणाचा भाग होता. चित्र काढणारे हात आणि झाडणारे हात वेगळे नव्हते. या मंडळींना पुसणार कोण हा प्रश्न पडलाच नाही, कारण उत्तर आधीच ठरलेलं होतं.

हे सगळं मला आधी माहीत नव्हतं का? होतं की! शाळेत माझा वर्ग आरशासारखा असायचा. मुलगे काय, मुली काय, सगळे पाळीपाळीने केर काढायचे, फळा पुसायचे. एका तपासणीला साहेबांनी त्याबद्दल माझं कौतुकही केलं होतं. (चित्रकलेचा तास मात्र परीक्षा जवळ आली की मी मराठीला घ्यायची, पोर्शन पुरा करायला. पाण्याचे डबे सांडत नाहीत म्हणून बरंही वाटायचं. ते पाप वेगळं.)

आणि घरी? घरी माझ्या मुलाने दौत सांडली तर मी म्हणायची, "असू दे, तू अभ्यासाला बस." दौत कॅमलची. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासूनच तर सुरुवात केली, आमच्या पिढीची बोटं निळी ठेवण्याचा मान त्यांचाच. तर ती शाई पुसायला मी कुणाला हाक मारायची? त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या बहिणीला.

हे मला त्या आठ दिवसांत, गॅलरीच्या दाराशी बसून फरशी घासताना आठवलं. त्याच दुपारी लेकीला नाशिकला फोन केला आणि सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग हसली. "आई, चाळीस वर्षांनी सांगतेस? माझ्या शाळेच्या स्कर्टवर त्याच्या शाईचा डाग होता. वर्षभर मी दप्तर पुढे धरून चालायची." मला तो डाग आठवत नव्हता. आठवायचा खूप प्रयत्न केला. नाहीच आठवला.

माझा मुलगा वाईट नाही हो. बायकोच्या नोकरीचा त्याला अभिमान आहे, मुलीचं चित्र त्याला मनापासून आवडतं. पण चित्र आणि फरशी या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत हे त्याला दिसत नाही, आणि ते दिसू नये याची व्यवस्था मी त्याच्या लहानपणी मोठ्या निगुतीने केली. शाळेत चारशे मुलांना शिकवलं, एकाला राहिलं.

आठ दिवस संपल्यावर मी जेवताना हे सगळ्यांसमोर बोलले. मुलाचा चेहरा पडला. सून वाढायची थांबली. बोलले ते बरं की वाईट, मला अजून कळलेलं नाही. सासूने सुनेसमोर मुलाची चूक काढू नये असं माझी आई म्हणायची. पण मी चूक त्याची काढत नव्हते, माझीच काढत होते, आणि ते ऐकायला ती दोघं हवीच होती.

मग बरीच चर्चा होऊन सुनेनेच मार्ग काढला. दोन पेट्या ठेवल्या, बाकीचं सामान सोसायटीतल्या सफाई कामगारांच्या मुलांना विचारून वाटलं. गॅलरीत माझी जुनी सुती साडी अंथरायची, रंग तिथेच. एक पेटी जागेवर गेल्याशिवाय दुसरी नाही. आणि शनिवार-रविवार रंगांपाशी बसायचं ते बाबाने, सांडलेलं पुसेपर्यंत. पहिल्या शनिवारी नातीने आणि त्याने मिळून साडीवर एवढं पाणी ओतलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांची समजूत घालायलाही तोच गेला.

देवमासा भिंतीवर अजून आहे. साबणाच्या पाण्याने त्याचं पोट गेलं, शेपटीची निळी सावली राहिली. सून म्हणते, राहू दे.

कालच्या रविवारी मी खुर्चीत पेपर वाचत होते. गॅलरीतून मुलाचा आवाज आला. "आई, फरशीवरचा तैलखडू कशाने गं निघतो? घासून घासून दमलो." मी सवयीने पेपर घडी केला, चष्मा काढला, उठायला खुर्चीच्या दांड्यावर हातही टेकला. आतून सून माझ्याकडे बघत होती.

मी परत टेकून बसले. म्हटलं, "बाथरूमच्या फळीवर खोबरेल तेल आहे. फडकं कुठे असतं ते चिऊला विचार, तिला माहितीये."